ओट्यापाशी कोण उभं राहणार?

दिवाळी सरते, छठ जवळ येते, स्वयंपाकाच्या बायका गावी जातात आणि नोएडा, गुरुग्राम, द्वारका, इंदिरापुरममधल्या हजारो घरांचा स्वयंपाक बंद पडतो. आनंद विहार स्थानकावर पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि इकडे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारणा सुरू होते: 'कोणाकडे आठ दिवसांसाठी बदली कुक मिळेल का?' विचारणारे नवराबायको शिकलेले असतात, दोघंही चांगले कमावते असतात. घरात चार बर्नरची शेगडी असते, चिमणी असते, एअर फ्रायर असतो. गावाकडे एक खोली बांधून झाली असती एवढा पैसा त्या मॉड्युलर किचनवर गेलेला असतो. मात्र तिथे उभं राहून पाऊण तासात वरण, भात आणि एक भाजी उतरवेल असं माणूस त्या घरात नसतं. यात मराठी घरंही आली, हे मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडे 'आमचं सगळं घरचंच असतं' असं म्हणण्याची जुनी सवय आहे.

हा विषय काढला की बैठकीत कोणीतरी लगेच म्हणतं, 'आजकालच्या मुलींना काही येत नाही.' खरं दुखणं या वाक्यातच आहे. मुलांना काही येत नाही, असं कोणी म्हणत नाही, कारण त्यांना यावं अशी अपेक्षाच कधी नव्हती. मुलीला येत नसेल तर तो संस्कारांचा ऱ्हास आणि मुलाला येत असेल तर ते कौतुक, या हिशोबावर एक अख्खं शतक गेलं.

आपल्या सुधारकांनी बाईला स्वयंपाकघराबाहेर काढण्यासाठी केवढा आटापिटा केला! आनंदीबाई जोशी अभ्यास सोडून चुलीपाशी रमलेल्या दिसल्या म्हणून पती गोपाळरावांनी त्यांना मारलं, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मार कोणी समर्थनीय म्हणू नये. पण त्या काळच्या सुधारणेची दिशा त्यातून दिसते. आगरकरांनी तर मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं उघड लिहिलं. पुढे बाई शाळेत गेली, कचेरीत गेली, मंत्रालयात गेली. दिल्लीत तर ती केंद्र सरकारची सचिवही झाली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण एकच शिक्षण याचा अर्थ आपण मुलीने मुलाचं शिक्षण घ्यावं एवढाच घेतला. मुलीला जे घरात शिकवलं जात होतं ते मुलानेही शिकावं, हा त्या मागणीचा दुसरा अर्धा भाग कोणी हातात घेतलाच नाही. बाई ओट्यापासून दूर झाली आणि तिची जागा रिकामी राहिली.

पाकपुस्तकांचाच दाखला घ्या. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' 1910 मधलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 ची. 'रुचिरा'ने वाट्या-चमच्यांची मापं दिली आणि सासर-माहेरापासून लांब पडलेल्या नव्या नवरीची मोठी सोय केली. बदली होऊन सरोजिनी नगर किंवा रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलेल्या कित्येक मराठी संसारांच्या ट्रंकेत ते पुस्तक होतं. वाटी-चमच्याला बाई-पुरुष कळत नाही. तरीही ते पुस्तक लग्नात मुलीलाच भेट द्यायचं, हे आपण ठरवून टाकलं. मुलाला घड्याळ.

आता आकडे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97 मिनिटं. 2024 मध्ये हेच आकडे 289 आणि 88 झाले. पुरुषांचा आकडाही जे पुरुष असं काही काम करतात तेवढ्यांचाच आहे. बहुसंख्य पुरुष त्या मोजणीत येतच नाहीत. पाच वर्षांत बाईची 10 मिनिटं कमी झाली आणि पुरुषाची 9. म्हणजे दोघांमधलं अंतर 202 मिनिटांवरून 201 वर आलं. मधल्या काळात टाळेबंदी येऊन गेली. 2020 च्या त्या एप्रिलमध्ये पुरुषांनी फुगलेल्या पोळ्यांचे फोटो टाकले, केक भाजले, आणि आता घराघरांत क्रांती झाली असं आपण समजलो. क्रांती झाली ती एका मिनिटाची.

मग सुटलेलं काम कोण करतं? दिल्लीत त्याचं उत्तर 'दीदी' असं आहे. ती मालद्याची असते, कूचबिहारची असते, झारखंडची असते. सकाळी सोसायटीच्या फाटकावर तिची नोंद होते आणि ती आल्याचा निरोप मालकाच्या मोबाइलवर जातो. एका घराला पाऊण तास, सकाळची चार घरं, संध्याकाळची तीन. दारातून आत येतानाच तिचा रोजचा प्रश्न असतो, 'आज क्या बनाऊँ?' या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर नसतं. फ्रिजमध्ये काय आहे, काय आज संपवायला हवं, काल काय झालं, मुलाच्या डब्यात काय जाईल, हे सगळं डोक्यात असलेलं माणूसच घरात उरलेलं नाही. मग 'कुछ भी बना दो' असं म्हणायचं, आणि ती बिचारी तेच करते. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, धणेपूड, गरम मसाला. त्यात आज दुधी, उद्या बटाटा, परवा पनीर. एकाच मजल्यावरच्या मराठी, तमिळ आणि पंजाबी अशा तीन घरांच्या भाज्या रंगाने आणि वासाने सारख्याच असतात. दोष तिचा नाही. तिला गोडा मसाला कोणी दाखवलेला नाही, भाजीत दाण्याचं कूट किती घालायचं ते सांगणारं कोणी समोर नाही, आणि पुढच्या घरी पोहोचायला तिच्याकडे सात मिनिटं आहेत.

तिच्या स्वतःच्या घरी कोण रांधतं? तीच. पहाटे उठून, आपल्या मुलांचं करून ती आपल्याकडे येते. सुशिक्षित बाईची ओट्यापासूनची सुटका बहुतेक वेळा गरीब बाईच्या दुप्पट कामावर उभी असते, आणि पुरुष दोन्ही घरांत मोकळाच. आम्ही तिला पगार देतो की, असं यावर म्हणतात. देतो, पण किती द्यावा हे कशावरून ठरवतो? सहा जणांची कणीक भिजवून चोवीस पोळ्या लाटायला, भाजायला किती वेळ जातो, जूनमध्ये पंखा बंद करून गॅससमोर उभं राहिल्यावर काय होतं, हे ज्याने कधी केलंच नाही त्याला हजार-दोन हजारांची वाढ अवास्तवच वाटणार. घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी केंद्राला सांगितलं आहे. कायदा व्हायचा तेव्हा होईल. छठच्या आठ दिवसांचे पैसे न कापण्यासाठी मात्र कायद्याची वाट बघायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी मराठी माणूस दिल्लीत आल्यावर हळू आवाजात बोलतो. कुक ठेवताना जात विचारली जाते. थेट नाही, आडनाव विचारून, गाव विचारून, 'नॉनव्हेज खाती हो क्या' असं विचारून. जिच्या हातचं आपण दोन्ही वेळ जेवतो तिला चहा मात्र वेगळ्या कपात. महाराष्ट्राने सहभोजनाची चळवळ पाहिली. 1928 मध्ये लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत टिळक यांनी पुण्याच्या गायकवाड वाड्यात सहभोजन घडवलं, तेव्हा केवढा गहजब झाला. पण तेव्हाही वाद कोणाच्या पंक्तीला कोण बसलं याचा होता, चुलीपाशी कोण बसतं याचा फारसा कोणी काढला नाही. डॉ. आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीत होते. त्यांना स्वतः रांधण्याची आवड होती, सवड मिळाली की ते स्वयंपाकघरात उतरत, असं त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवलं आहे. एवढ्या कामाच्या माणसाला वेळ मिळत होता. त्यांची जयंती दणक्यात साजरी करणाऱ्या आपल्या मंडळांतून या आठवणीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

अ‍ॅपवाल्यांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. गुरुग्राम हे त्यांचं माहेरघर. झोमॅटो तिथलीच, 2008 मध्ये हॉटेलांची मेन्यूकार्डं चढवण्यापासून सुरू झालेली. मार्च 2022 मध्ये तिने दहा मिनिटांत जेवण पोहोचवण्याची घोषणा केली तेव्हा लोक हसले. आज किराणा दहा मिनिटांत येतो याचं कोणाला काही वाटत नाही. या कंपन्यांनी आपलं स्वयंपाकघर हिसकावलेलं नाही. आपण सोडलेल्या जागेत त्यांनी दुकान मांडलं. एका प्लेट पोह्यांसाठी मे महिन्याच्या उन्हात मोटरसायकलवर माणूस बोलवावा लागतो याची लाज ज्याची त्याने बाळगावी. 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी माणसाच्या महिन्याच्या एकूण खर्चातले सुमारे 11 टक्के पेयं आणि तयार खाण्यावर जातात असं दिसलं. दूध, भाजी, फळं, धान्य यांतल्या कुठल्याही एका बाबीपेक्षा जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिल्लीतल्या 41.3 टक्के बायका आणि 38 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होतो असं नाही. घरचं तेवढं सगळं पथ्याचं, असंही नाही. साबुदाण्याची खिचडी आणि पुरणपोळीवर धरलेली तुपाची धार आपण घरीच खातो. पण किती तेल पडलं, किती मीठ पडलं हे ज्याच्या डोळ्यांसमोर पडतं त्याला निदान कमी घालण्याची सोय असते. बंद डब्याला ती नसते.

स्वयंपाक येणं म्हणजे पोळी गोल लाटता येणं, अशी आपली समजूत आहे. त्यामुळेच मुलं घाबरतात. पोळी ही शेवटची पायरी. त्याआधी केवढं तरी ज्ञान आहे, ज्याला आपण कधी ज्ञान म्हटलंच नाही. तेल पुरतं तापायच्या आत मोहरी टाकली तर ती तडतडत नाही आणि दाताखाली कडू लागते. हळद आधी घातली तर करपते, म्हणून मोहरी, जिरं, हिंग आणि मग हळद, आणि लगेच भाजी. डाळ भिजवली की लवकर शिजते, पण चिंच-आमसूल आधी घातलं की ती शिजायला नाटकं करते. दिल्लीच्या जानेवारीत कणीक कोमट पाण्यात भिजवावी लागते आणि पुण्यापेक्षा जास्त वेळ झाकून ठेवावी लागते. उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, वाटीभर आमटी उरली तर तिच्यातच पिठं कालवून थालीपीठ. कोथिंबीर आणली त्या दिवशी निवडून कोरडी करून ठेवली तर आठवडा जाते, तशीच पिशवीत कोंबली तर तिसऱ्या दिवशी चिखल. यातलं काहीही कठीण नाही, पण एकही गोष्ट व्हिडिओ बघून अंगी लागत नाही. त्यासाठी कोणाच्या तरी शेजारी उभं राहावं लागतं, चुकावं लागतं, आणि चुकलेलं खावं लागतं.

हे ज्ञान हरवलं की माणूस आपल्याच शहरात परका होतो. दिल्लीत आमच्या भाज्या मिळत नाहीत, असं मराठी घरांत सर्रास म्हणतात. थंडीत कुठल्याही ठेल्यावर बथुआच्या जुड्या असतात. तोच आपला चाकवत, ताक आणि डाळीचं पीठ लावून पातळ भाजी करायचा. सोया म्हणून विकतात तो शेपू. अरबीची पानं म्हणजे अळू. (सीताफळ मागितलं तर भाजीवाला लाल भोपळा कापून देईल, तेवढं सांभाळावं.) बाजरीचं पीठ कॉलनीतल्या चक्कीवर थंडीभर ताजं मिळतं. ठेल्यापाशी उभं राहून पान हातात घेऊन, वास घेऊन ओळखणाऱ्याला हे सगळं आहे. मोबाइलवर 'चाकवत' असा शोध घेणाऱ्याला ते सापडत नाही आणि तो पनीर मागवतो.

जुन्या राजेंद्र नगरात आणि मुखर्जी नगरात महाराष्ट्रातून आलेली शेकडो मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. बार्टी आणि सारथी या राज्याच्या संस्था त्यांतल्या अनेकांचा शिकवणीचा खर्च उचलतात. ही मुलं राज्यघटनेचं कलम क्रमांकासह सांगतात, मान्सूनची यंत्रणा समजावतात, आणि डब्यातल्या तेलकट राजम्याला शिव्या देत वर्षानुवर्षं तोच खातात. खोलीत विजेची शेगडी ठेवायला घरमालक देत नाही ही अडचण खरी आहे. पण जिथे चालते तिथेही कुकर किती वेळ ठेवायचा हे विचारायला आईला फोन जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा सुरू होतो. उद्या यांतला कोणी जिल्हाधिकारी होऊन अंगणवाडीच्या पोषण आहाराची तपासणी करेल. शिजलेली आणि अर्धीकच्ची डाळ यांतला फरक त्याला कोण सांगणार?

फेब्रुवारी 2025 मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. मराठी दिग्दर्शिका आरती कडव यांचा 'मिसेस' हा हिंदी चित्रपट 7 तारखेला आला. 2021 च्या मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन'वरून केलेला. त्यातल्या सासऱ्यांना मिक्सरमधली चटणी चालत नाही, पाट्यावर वाटलेली लागते. वाटणारी अर्थात सून. 'एवढंसं घरकाम, त्यात काय छळ' म्हणून पुरुषांच्या काही संघटना त्यावर तुटून पडल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये 98 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष तारा भवाळकर होत्या, जात्यावरच्या ओव्यांतून बाईचा आवाज ऐकणाऱ्या लोकसाहित्याच्या अभ्यासक. ओव्यांना आपण टाळ्या वाजवतो. ओवी म्हणणारी पहाटे उठून अख्ख्या घराचं दळत होती आणि घर झोपलेलं होतं, हे टाळ्या वाजवताना ध्यानात राहत नाही. 'आईच्या हातची चव' म्हणून आपण जी आळवतो तीही पुष्कळदा अशीच चव आहे. तिच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणण्यापेक्षा तिच्या हातातला झारा तेव्हा कोणी घेतला असता तर बरं झालं असतं.

एक आक्षेप गंभीर आहे. आपण कपडे शिवत नाही, चपला शिवत नाही, मग जेवणच घरी का करायचं? श्रमविभागणी म्हणून हे बाहेरून का घेऊ नये? जरूर घ्यावं. रोज घरी केलंच पाहिजे असा माझा आग्रहच नाही. कुक ठेवा, डबा लावा, हॉटेलात जा. आग्रह एवढाच की ते निवड म्हणून असावं, लाचारी म्हणून नसावं. शर्ट वर्षातून चारदा घेतला जातो; भूक दिवसातून तीनदा लागते. ज्याला स्वतःच्या पोटापुरतं करता येत नाही तो प्रौढ माणूस कायम कोणाच्या तरी सेवेवर जगतो, मग ती आई असो, बायको असो, दीदी असो की अ‍ॅप. वेळ नाही म्हणणाऱ्यांशीही वाद नाही. नोएडाहून गुरुग्रामला रोज जाणाऱ्याचे तीन तास रस्त्यावर जातात हे दिसतं. पण मुगाची खिचडी आणि काकडीची कोशिंबीर व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाहेरचं पार्सल येतंच असं नाही.

शिकवायचं कुठे? जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत मुलगे-मुली दोघंही गृहशास्त्र शिकतात. भात आणि मिसो सूप करणं हा त्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. वरच्या वर्गांतही तिथे 1993-94 पासून हा विषय दोघांना सक्तीचा आहे. आपल्याकडे दिल्लीत 1932 पासून लेडी आयर्विन कॉलेज आहे, गृहविज्ञानाचं देशातलं नामवंत कॉलेज. केवळ मुलींचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली, हाताने करायच्या कामांसाठी. तिथे सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम यांची नावं आली आहेत. स्वयंपाकाचं नाव नाही. बालभारतीने मात्र 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले आणि बरीच चर्चा झाली. दुसरीतली ती मुलं आता मोठी झाली आहेत. चित्रात पाहिलेली भाजी त्यांना चिरायला कधी मिळणार?

शाळांची वाट न पाहता घरात सुरुवात करता येते. दहा वर्षांच्या मुलाने भाजी निवडावी, तांदूळ धुवावेत. बाराव्या वर्षी कुकर लावावा. चौदाव्या वर्षी आठवड्यातलं एक जेवण पूर्ण त्याचं, वाणसामान आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. मुलगी असेल तरी हेच, मुलगा असेल तरी हेच, आणि बापाला येत नसेल तर त्याने मुलाच्या शेजारी उभं राहून शिकावं. 'मदत' हा शब्द वापरू नये; आपल्या घरात कोणी मदत करत नसतो. मीठ जास्त झालं तर मुकाट्याने दही घेऊन खावं.

पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनापासून गुरुग्राम-नोएडाच्या नव्या मंडळांपर्यंत दिल्ली परिसरात मराठी संस्था पुष्कळ आहेत. गणेशोत्सवात त्यांतल्या बहुतेकांची पाककला स्पर्धा असते, आणि सूचनेत 'महिलांसाठी' असं लिहिलेलं असतं. यंदा तो शब्द काढून टाकावा. विषय मोदक नको, साधं वरण, भात, एक पालेभाजी ठेवावा. आणि दरवर्षी परीक्षकाच्या खुर्चीत बसून चव घेणाऱ्या पुरुष पदाधिकाऱ्यांनी या वेळी स्पर्धक म्हणून आपलं नाव पहिलं नोंदवावं.